घुबडाचा कोट

माझ्या मुलीला आम्ही चिंगी म्हणतो. एकोणीस वर्षांची आहे. तिची आई जाऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत चिंगी माझ्याशी जे काही बोलली ते सगळं लिहायला दुकानातली एक पावती पुरली असती, तीही एका बाजूनं.

बाकीचं बोलणं घुबडाकडे जायचं.

घुबड म्हणजे तिच्या मोबाइलमधलं कोणीतरी. चित्रं काढणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी त्यांची ओळख झाली होती. तिथे कोणी आपलं खरं नाव सांगत नाही. मला आधी वाटलं मुलगा असेल. मग एकदा चिंगी मोबाइलमध्ये "अगं, ऐक ना" म्हणाली तेव्हा कळलं की मुलगी आहे. त्या दिवशी जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून जास्तच जळायला लागलं. मुलगा असता तर काय करायचं ते बापाला माहीत असतं. आरडाओरडा करायचा, मोबाइल काढून घ्यायचा. मैत्रिणीला काय करणार?

आमचं दुकान खाली आणि घर वर. दुकानात पुढे काउंटर, मागे कापायचं टेबल आणि दोन मशिनी, कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा केली आहे. मी कोट शिवतो. बायकांचे आणि पुरुषांचेही. कापणं माझं आणि बोलणं हिचं, म्हणजे चिंगीच्या आईचं, अशी आमची पहिल्यापासून वाटणी होती. गिऱ्हाईक आलं की ही त्याला बसवायची, घरच्यांची चौकशी करायची, रंग सुचवायची, उशीर झाला असेल तर गोड बोलून चार दिवस मागून घ्यायची. मी गळ्यात टेप घालून उभा. मी माप घ्यायचं आणि आकडा सांगायचा. हिनं तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि मग वहीत लिहायचा.

"छाती अडतीस."

"अडतीस."

"बाही साडेबावीस."

"साडेबावीस."

परत म्हटलं की ऐकण्यात चूक होत नाही. कधी कधी दिवसभरात आमच्यात दुसरं काही बोलणंच व्हायचं नाही. त्याचं मला काही वाटायचं नाही. हिला वाटत असेल तर तिनं सांगितलं नाही.

ही गेल्यावर काउंटरवर चिंगी बसायला लागली. मी आकडा सांगितला की ती मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. परत म्हणायची नाही. मी म्हणायचो, "म्हण की." ती म्हणायची, "लिहिलंय." गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की तिची नजर त्याच्या बटणांवर. वर जायचीच नाही. दुकानातला फोन वाजला तर तो थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसायची आणि मग त्याच नंबरवर मेसेज पाठवायची, "आपण फोन केला होता का?"

आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीला बोलता येत नाही का हो?"

"येतं की."

"मग बोलत का नाही?"

"तुम्ही मोबाइलमध्ये नाही ना, म्हणून," मी म्हणालो. ते हसले. मला हसू आलं नाही.

आम्ही दोघं वरखाली राहतो, मधे अकरा पायऱ्या. तरी जेवायला वाढलं की मला मेसेज यायचा, "जेवण." मी वर जायचो. जेवण मुकाट्यानं व्हायचं. मग मी खाली मशिनवर बसायचो आणि वर तिची खोली बोलायला लागायची. तिथे मात्र तोंडाला खळ नसायची. हसणं काय, नकला काय, पोस्टमास्तरांची तर हुबेहूब. एकदा मी पायरीवर थांबून ऐकलं. चिंगी आईचं काहीतरी सांगत होती. "आई ना, त्या दिवशी..." एवढंच कानावर आलं. माझ्या पायाखाली पायरी करकरली आणि ती गप्प झाली. मी खोकलो आणि खाली आलो.

माझी बायको. तिच्याबद्दल जे काही सांगायचं ते माझी मुलगी चार तासांवर राहणाऱ्या, कधी न पाहिलेल्या घुबडाला सांगत होती, आणि मला सांगत होती, "जेवण."

पुढच्याच आठवड्यात मी घुबडाचा आवाज ऐकला. चिंगी काउंटरवर होती, कानातली वायर निसटली आणि मोबाइलमधून आवाज बाहेर आला. घोगरा, सावकाश आवाज. "नोकरी लागली की मी मोठी खोली घेणार आहे. तू ये ना इकडे. दुसरी कॉट तुझी." चिंगीनं घाईनं वायर खोचली. मी कात्रीला धार लावत होतो, लावत राहिलो. पण डोक्यात तेच. नोकरी लागली की मोठी खोली, मोठी खोली झाली की चिंगी गेली. मग वर कोणी नाही आणि खाली मी.

त्यानंतर दोन दिवसांनी काउंटरवरून आवाज आला, "बाबा."

मी दचकलोच. "काय गं?"

"एक कोट शिवायचा होता. घुबडाला."

"कोण घुबड?" मी मुद्दाम विचारलं.

"बाबा, तुम्हाला माहितीये."

"मग येऊ दे तिला. माप घेतो."

"ती शनिवारी येणार आहे. पण सोमवारी तिकडे तिची मुलाखत आहे, आणि तिच्याकडे धड कोट नाही. शनिवारी ट्रायल आणि रविवारी ती घेऊन जाईल. मी माप मागवलंय."

"माप काय मागवायची वस्तू आहे?"

तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. छाती छत्तीस, पाठ साडेपंधरा, बाही तेवीस, आणि खाली बारीक अक्षरात, डावा खांदा पाव इंच खाली आहे.

"हे कुणी घेतलं?"

"तिनंच. टेप नव्हता तिच्याकडे. चार्जरची वायर लावली, बोटानं खूण धरली आणि मग पट्टीवर मोजलं."

"चार्जरची वायर! मग खिशाचं माप चमच्यानं घेतलं असेल."

चिंगी हसली नाही. "शिवाल ना?"

पाच महिन्यांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणालो.

कापड तिनं निवडलं, गडद हिरवं, चांगलं जाड. मी ते टेबलावर पसरलं आणि खडू घेतला. पाठीला साडेपंधरा आखलं आणि बघत उभा राहिलो. चिंगी काउंटरवर मान खाली घालून हसत होती, अंगठे चालू. मी खडूची रेघ पुसली आणि साडेचौदा आखलं.

गोष्ट इथेच थांबली असती तरी सुधारता आली असती. कोटाच्या शिवणीत आत जास्तीचं कापड राखतात, त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. माणूस जाड झाला किंवा मापात चूक झाली तर शिवण उसवून तेवढं मोकळं करता येतं. मार्जिन न ठेवता मी आजवर एकही कोट कापलेला नाही. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगतो, खुशाल जेवा, आत जागा आहे. त्या दिवशी मी पाठीची मार्जिन दोन्ही बाजूंनी कापून टाकली. फक्त टाका बसेल एवढी ठेवली. कात्री सरळ चालली. मी मनात म्हणालो, दोष वायरीचा. वायरीवर माप दिलं की असंच होणार. मुलाखतीला आखडून बसू दे. दोघींची पहिली भेट आहे, तीही होऊन जाऊ दे एकदा. मोबाइलमध्ये तोंड चालतं, समोरासमोर बसल्यावर कळेल.

शनिवारी सकाळी घुबड आलं. बाविसेक वर्षांची, उंच, किडकिडीत, जाड काचांचा चष्मा, अंगात पातळ जॅकेट. दारातच उभी राहिली. चिंगी काउंटरमागे उभी राहिली. मधे मी.

"आलीस," चिंगी म्हणाली.

"हो."

"बस मिळाली लगेच?"

"मिळाली."

झालं. संपलं. मी दोघींना बाकावर बसवलं आणि चहा करायला गेलो. परत येऊन बघतो तर दोघी बाकाच्या दोन टोकांना, माना खाली, हातात मोबाइल. चिंगीचे अंगठे हलायचे, की घुबडाचा मोबाइल थरथरायचा आणि ती गालात हसायची. मग तिचे अंगठे हलायचे. एका बाकावर बसून ह्या एकमेकींना मेसेज करत होत्या.

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. चहाचे कप मी मोठ्या प्रेमानं पुढे केले.

"बिस्कीट घे गं," मी घुबडाला म्हणालो. "लाजू नकोस. बोला की, इतक्या लांबून आलीस."

"बोलतोय," चिंगी म्हणाली. मान वर न करता.

मग ट्रायल. कच्च्या शिलाईचा कोट घालून घुबड पडद्यातून बाहेर आली. पाठीत तो असा आवळला होता की तिला हात पुढे करता येईनात. खांद्याच्या शिवणी ताणल्या होत्या. चिंगीचा चेहरा उतरला.

"तरी मी सांगत होतो," मी म्हणालो. वाक्य चार दिवस तयारच होतं. "वायरीनं माप घेतलं की हेच होणार."

घुबड कानापर्यंत लाल झाली. "सॉरी काका. माझंच चुकलं. दोनदा मोजलं होतं मी. पण एकटीनं पाठ मोजता येत नाही ना." मग चिंगीकडे वळून, "राहू दे गं. मी जॅकेटवर जाईन."

"थांब," चिंगी म्हणाली. "बाबा, परत माप घ्या."

"आता घेऊन काय उपयोग?"

"घ्या ना."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. कोट काढायला लावला आणि टेप घेतला.

"छाती छत्तीस," मी म्हणालो.

"छत्तीस," चिंगी म्हणाली. मोठ्यानं. ती लिहीत नव्हती, घुबडानं पाठवलेला मेसेज उघडून वाचत होती.

"बाही तेवीस."

"तेवीस."

पाठीवर टेप लावला. आकडा मला दिसत होता. पाव इंच इकडे-तिकडे सांगावं असं मनात आलं. पण चिंगी जवळ येऊन उभी राहिली होती, टेप तिलाही दिसत होता.

"साडेपंधरा," मी म्हणालो.

"साडेपंधरा," चिंगी म्हणाली.

डावा खांदाही पाव इंच खाली होता. वायरीनं, बोटानं, एकटीनं घेतलेलं माप माझ्या टेपाबरोबर तंतोतंत जुळलं. घुबड काही न कळून आम्हा दोघांकडे बघत होती. चिंगीनं तिला पडद्याआड कपडे नीट करायला पाठवलं, टेबलावरचा कोट उलटा केला आणि पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"मार्जिन कुठे आहे, बाबा?"

मी टेप गुंडाळत राहिलो.

"पोस्टमास्तरांच्या कोटाला दीड दीड इंच ठेवता. त्यांच्या नातवाच्याही कोटाला ठेवता. हिच्या कोटाला कुठे गेली?"

"कापड कमी पडलं."

"टेबलाखाली सव्वा मीटर उरलंय." तिचा आवाज चढला. "तुम्ही मुद्दाम केलंत. चार दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून हे शिवत होतात! तिनं तुमचं काय वाकडं केलंय?"

मला राग आला होता, लाजही वाटत होती, आणि त्यातही एक गोष्ट लक्षात आली. ती माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती, आणि थांबत नव्हती.

"मी हिच्याशी बोलते हे तुम्हाला खुपतं. मग कुणाशी बोलू? आईचं नाव काढलं की तुम्ही उठून खाली जाता. पहिल्या आठवड्यात मी तीनदा बोलायला आले. तीनदा! तुम्ही म्हणालात, 'इस्त्री तापली आहे.' एकदा तर इस्त्री चालूही नव्हती!"

हे खरं होतं. माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. मोबाइलवर राग काढता काढता मी ते बाजूला ठेवून दिलं होतं.

"तिला ऐकू गेलं असेलच, तरी आता तिला सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे केलंत ते."

"तू सांग. तुमचं ते... मेसेज वगैरे."

"नाही. तुम्ही सांगा. तोंडानं."

असं काही सांगायची वेळ आली की मी बायकोला पुढे करायचो. उशीर झाला तरी, डाग पडला तरी. मी कापायचो, ही निस्तरायची. पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. खाली घुबडाचे बूट दिसत होते.

"ऐक गं," मी म्हणालो. "तुझं माप बरोबर होतं. कोट मी मुद्दाम लहान कापला."

बूट हलले नाहीत. "का, काका?"

"ही तुझ्याशी बोलते म्हणून."

मला वाटलं आता मोबाइल वाजणार. पण ती बाहेरच आली. चष्मा हातात होता. "मलाही तुमचा राग यायचा," ती म्हणाली.

"माझा? तो का?"

"रोज जेवणाच्या वेळी ही मोबाइल बंद करते. अर्धा तास. मी रडत असले तरी उत्तर देत नाही. म्हणते, बाबा समोर असतात, कदाचित बोलतील." तिनं चष्मा घातला. "मला वाटायचं, एवढं काय बोलत असतील."

चिंगी दुसरीकडे बघत होती. मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

कोट उद्यापर्यंत व्हायलाच हवा होता, म्हणून मीच आधी उठलो. टेबलाखालचं कापड काढलं. पूर्ण पाठ नवी कापायची, मार्जिनसकट, मधे एक जोड द्यायचा. कोटाची जुनी पाठ उसवायला चिंगीनं ब्लेड घेतलं. तिनं मला माफ केलेलं नव्हतं, तोंडाकडे बघूनच कळत होतं. ती माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. घुबडानं न सांगता कोटाचं दुसरं टोक धरलं आणि सुटलेले दोरे वेचायला लागली. हातात काम आल्यावर दोघींची तोंडं आपोआप सुटली. आधी बसमधल्या कुण्या घोरणाऱ्या बाईवरून, मग मुलाखतीवरून, मग माझ्यावरून. जणू मी तिथे नव्हतोच.

"खरं सांगू का, यांचं कापणं आधीपासूनच आवळ आहे," चिंगी घुबडाला म्हणाली. "आई वहीत लिहिताना पाठीला अर्धा इंच वाढवायची."

"माहितीये. तू सांगितलं होतंस."

माझा हात थांबला. आकडा मोठ्यानं परत म्हणायची आणि लिहिताना वाढवायची. सव्वीस वर्षं. लोक म्हणायचे, तुमचा कोट पाठीत कधी आवळत नाही, आणि मी मान डोलवायचो. या पाच महिन्यांत तीन कोट आवळतात म्हणून परत आले होते. मी तिन्ही वेळा चिंगीवर खेकसलो होतो की मोबाइलमध्ये लक्ष असतं, आकडे चुकवतेस.

आणि घुबडाला हे आधीपासून ठाऊक होतं. माझ्या दुकानातली, माझ्या बायकोची गोष्ट. छातीत पुन्हा तसंच जळलं. उठावं आणि इस्त्री लावावी असं वाटलं. खडू हातात होता, तो खाली ठेवला.

"हे तिनं तुला कधी सांगितलं?" मी विचारलं.

चिंगीनं सवयीनं घुबडाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" घुबड म्हणाली. "तुला विचारतायत."

चिंगी ब्लेडनं एक टाका काढत राहिली. मग दुसरा.

"हॉस्पिटलमध्ये," ती म्हणाली. "तुम्ही औषधं आणायला गेला होतात. मी आईला विचारलं, दुकानात आता कोण बसणार. तर ती म्हणाली, तू बस, आणि पाठीला अर्धा इंच जास्त लिही, त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

"मग तू लिहिलं नाहीस?"

"नाही. मला वाटलं, तुम्ही विचाराल की आकडा परत का म्हणत नाहीस, आणि मग मी सांगेन. तुम्ही नुसतंच म्हणालात, म्हण की."

"अजून काय म्हणाली?"

"कधी?"

"तेव्हाच. मी औषधं आणायला गेलो तेव्हा. मी परत येईपर्यंत काय काय म्हणाली?"

चिंगीनं ब्लेड टेबलावर ठेवलं. "बरंच बोलली. आधी तुमच्या टेपवरून हसली."

"नाही, त्याच्या आधी ते नर्सचं आहे," घुबड म्हणाली. "नर्सनं नाव विचारलं ते."

"तू गप बस गं जरा," मी म्हणालो. "तिला सांगू दे."